एकाच मोबाइलवरून सतरा ऑर्डरी

५ ऑगस्ट
भाऊंच्या मसाल्याच्या ऑनलाइन दुकानाची अफिलिएट योजना आज सुरू. मेहकरच्या ऑफिसात तांत्रिक काम करणारी मी एकटीच. प्रत्येक सभासदाला स्वतःची लिंक. तिच्यावरून कोणी मागवलं की सभासदाला कमिशन. फसवणूक पकडायला एक नियम लिहिला: महिन्याच्या हिशोबात एकाच मोबाइलवरून पाचाहून जास्त ऑर्डरी दिसल्या तर सभासद स्वतःच खरेदी करतोय असं धरून खातं आपोआप बंद. पुण्याच्या जुन्या नोकरीत हाच होता. चाचणी केली. चालतो.

१९ ऑगस्ट
सगळ्यांत पुढे बीबी गावच्या वंदनाताई. शिवणकाम करतात. हजारो फॉलोअरवाले मागे पडले. भाऊ खूश. "पहा, म्या म्हटलं होतं ना, बायाच चालवतीन हे."

२ सप्टें.
ऑगस्टचा हिशोब झाला आणि नियमाने व.ताईंचं खातं बंद केलं. सतरा ऑर्डरी, एक मोबाइल. मी तपासायला बसणार, तोवर भाऊंनी सभासदांच्या व्हॉट्सॲप गटात टाकलंसुद्धा: बीबीच्या वंदनाताईंनी खोट्या ऑर्डरी करून दुकानाला फसवलं, त्यांना काढलं आहे. मला न विचारता. नियम संशय दाखवतो, पुरावा नाही, असं म्हटलं.
"तुह्याच कम्प्युटरनं पकडलं ना? मंग?"

३ सप्टें.
व.ताईंना फोन. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. "येऊन पाह्य. फोनवर नाही सांगत म्या."

४ सप्टें.
बीबी. शिलाई मशीनशेजारी मोबाइल चार्जिंगला. लिंक उघडा, पत्ता भरा, हे बायकांना जमत नाही. काहींचा मोबाइल नवऱ्याच्या खिशात. त्या ब्लाउजचं माप द्यायला येतात आणि म्हणतात, माह्यासाठीही मांगव. ऑर्डर ताईंच्या मोबाइलवरून, पत्ता त्या त्या बाईचा. सतरा ऑर्डरी, सतरा पत्ते. चार घरी स्वतः गेले. चारही स्वयंपाकघरांत आमची पाकिटं, दोन फोडलेली.
पत्ता माझ्या नियमात कुठेच नव्हता. पुण्याचा नियम जसाच्या तसा उचलला. संताप आधी स्वतःचा.
निघताना ताई म्हणाल्या, "गटातलं साऱ्या गावात झालं. आता शिवायलेही कोणी येत नाही. चोरटीच्या घरी कोण माप देईन?"

५ सप्टें.
नियम दुरुस्त. खातं पुन्हा चालू. भाऊंना म्हटलं, आता गटात लिहा.
"खातं चालू केलं ना? झालं मंग. गटात माफी मांगू? सारे हसतीन माह्यावर."
म्हणजे ताईंच्या नावावर थुंकले ते चालतं.
मीच मजकूर लिहिला: नियम माझा, चूक माझी. पाठवण्याआधी ताईंना वाचून दाखवला.
"नको टाकू. तू काय मले चोर म्हटलं? ज्यानं म्हटलं त्यानंच लिवावं."
बरोबर आहे. पुसला.

९ सप्टें.
चार दिवस रोज एकदा विचारलं. रोज "पाहू". आज सांगितलं, लिहीत नसाल तर बीबीला चला, ताईंच्या तोंडावर सांगा. नाहीतर मी नोकरी सोडते. आवाज चढवला नाही. बहुधा म्हणूनच ऐकलं.

१० सप्टें.
दुपारी बीबी. ताईंनी भाऊंना खुर्ची दिली, चहा दिला. भाऊ पावसापाण्याचं बोलत राहिले. मशीन झाकलेलं. वीस मिनिटांत कोणी फिरकलं नाही.
मग शेजारची म्हातारी आली. लेकीकडून कालच परतलेली, काही ठाऊक नसावं.
"वंदे, तो मसाला मांगवून दे वं. मांगचा सरला."
"माह्याकडून नाही भेटत आता, माय."
"काऊन?"
"त्यायले इचार. मालकच बसेल हायेत."
म्हातारी भाऊंसमोर जाऊन उभी राहिली. भाऊंनी बशी खाली ठेवली.
"ते... कम्प्युटरची चूक झाली, आजी."
ताई पहिल्यांदाच सरळ त्यांच्याकडे पाहून बोलल्या. "कम्प्युटरनं नाही लिवलं, भाऊ."
भाऊ उठले. गाडीत बसले. मेहकरला उतरताना म्हणाले, "काय लिवू ते तरी सांग." मी म्हटलं, जे झालं ते.
संध्याकाळी ६.४०. गटात अजून काही नाही.