चारशे फुल्यांतली एक ओळ

सर, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. आज ऑफिसात एका पोरीचा पॅच, म्हणजे प्रोग्राममधली दुरुस्ती, मी परत पाठवला. दुरुस्ती एका ओळीची, पण सोबत तिने सगळी फाइल नीटनेटकी करून ठेवलेली. "वाईट काय केलं मी?" म्हणून ती फुगून बसली, आणि मला महाडच्या कारखान्यातली आपली दोन कॉम्प्युटरांची खोली आठवली.

"काय गो, एक ओळ दुरुस्त केलीस नि चारशे ओळींपुढं फुल्या?" तुम्ही ओरडायचात. जुनी आणि नवी फाइल ताडून बघणारा प्रोग्राम बदललेल्या प्रत्येक ओळीपुढे फुली मारायचा. मी समास सरळ केले की त्याला सगळ्याच ओळी बदललेल्या दिसायच्या. "आवराआवर वेगळ्या दिवशी आण. दोन्ही एकत्र आणलंस तर खरा बदल शोधू कुठं?" तुम्ही उमरठचे, रागावलात की गावची बोली यायची. मी हो म्हणायचे आणि पुन्हा तेच करायचे. कापड्याहून बसने येणारी नवी मुलगी मी, टापटिपीची भारी हौस.

त्या दिवशी तुम्हाला ताप होता. प्लांटवर कोणतं काम कशानंतर करायचं, तो कागद छापणाऱ्या प्रोग्रामात दुरुस्ती होती. पुन्हा चारशे फुल्या. मी म्हणाले, "ही एकच ओळ बघा सर, बाकी फक्त मोकळ्या जागा आहेत." तुम्ही तेवढीच ओळ वाचलीत आणि सही केलीत.

दुपारी प्लांटवरचे चाचा कागद घेऊन आले. "दुसऱ्यांदा थंड करायचं हाय ना? हितं लिवलंच नाय." बारा वर्षं तेच काम, म्हणून त्यांच्या लक्षात आलं. नाहीतर तापलेल्या रसायनाच्या त्या टाकीपाशी उभी असलेली माणसं! मला अजून तो विचार पुढे नेववत नाही.

साहेबांना तुम्ही सांगितलंत, "तपासणी माझी, चूक माझी." तुमची बदली गोदामात झाली. ज्या प्रोग्रामची ओळ न् ओळ तुम्ही लिहिलीत, त्याच्या खोलीत तुम्हाला पुन्हा बसू दिलं नाही. निवृत्तीआधीच तुम्ही गेलात. तिथे असताना, जेवणाच्या सुट्टीत मी गोदामात आले की तुम्ही डबा पुढे करायचात.

हे तुमच्या घरी काकूंना तरी पाठवावं असं फार वाटलं, पण धीर होत नाही. तुम्ही एकदाच विचारलं होतंत, "हात चुकला ना गो तुझा?" मी हो म्हणून मान हलवली. हात चुकला नव्हता, सर. तीच सूचना दोनदा दिसली, मला ते गबाळं वाटलं, आणि मी एक ओळ स्वतःहून पुसली. सही घेताना मला ते ठाऊक होतं. तुम्ही पुन्हा ओरडाल, एवढीच भीती वाटली होती.