डावा हात मागे

सोमवार, ता. ३

पोचलो एकदाचा. ताईने दारातच मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, तू वाळलास की शर्ट वाढला? म्हणजे सगळं ठीक आहे. भाऊजींनी माझी ट्रंक एका हाताने उचलून आत नेली आणि बोलले काहीच नाहीत. ते लग्नातसुद्धा बोलले नव्हते. फोटोग्राफरने हसा म्हटलं तेव्हा ते कोणाला म्हणतोय हे बघायला मागे वळले होते.

मला मागची गॅलरी दिली आहे. तिला काचा लावून खोली केली आहे, त्यात एक खाट आणि माझी ट्रंक कशीबशी मावते. खिडकीतून कारखान्याचं पत्र्याचं लांबलचक छप्पर आणि त्यातून निघणारी वाफ दिसते. वह्या-पेनांच्या दुकानात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस मी, आणि उद्यापासून लोखंड धुणार! दुकान बंद पडलं तेव्हा शेटनी निरोपाला ही रोजनिशी दिली. ती कोरी ठेवायचा माझा विचार नाही.

संध्याकाळी दूध उतू चाललं होतं. ताई चिमटा शोधत होती, तेवढ्यात भाऊजींनी पातेलं नुसत्या हाताने उचलून ओट्यावर ठेवलं आणि परत वर्तमानपत्र उघडलं. ताई म्हणाली, यांच्यामुळे घरातले चिमटे गंजायला लागलेत. आम्ही भावंडं पोट धरून हसलो. भाऊजीही हसले, थोडे.

गुरुवार, ता. ६

काम कळलं. सांगायला सोपं आहे.

दुरुस्तीला आलेल्या मोठाल्या यंत्रांची केसिंग आमच्याकडे धुवायला येतात. केसिंग म्हणजे यंत्राचं लोखंडी कवच. एकेक कवच आमच्या गॅलरीपेक्षा मोठं. क्रेनवाल्या मावशी ते साखळ्यांनी उचलून पाळण्यात आणून ठेवतात. पाळणा म्हणजे कलती होणारी लोखंडी चौकट. आम्ही पट्टे आवळतो. मग बटण दाबलं की पाळणा हळूहळू आडवा होतो, आतली घाण ओघळून जाते आणि उकळत्या सोड्याचे फवारे आपोआप सुरू होतात. एकदा सुरू झाले की पाळणा पुरता फिरेपर्यंत थांबत नाहीत.

पण तळाशी बसलेलं जुनं वंगण सोड्याला दाद देत नाही. त्यासाठी आधी एकाने शिडीने आत उतरायचं, त्यावर पिवळं पाणी म्हणतात ते रसायन ओतायचं, वंगण फुगेपर्यंत तिथेच बसायचं आणि मग ते पट्टीने खरवडायचं. दुसरा बाहेर बटणावर. भाऊजींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की आत ते जातील, बटणावर मी. नवख्याला सोपं काम दिलं. बोलत नसले तरी माणूस मायाळू आहे.

आता यातली गंमत. पंपांचा आवाज एवढा की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, आणि बाजूच्या हौदांच्या वाफेत दोन हातांपलीकडचं दिसत नाही. बटणावरच्याने नजर समोरच्या खिट्टीवरून हलवायची नाही, कारण ती निसटली तर पाळणा एकदम कोसळतो. मग आतला माणूस बाहेर आला हे कळायचं कसं? तर डावा हात मोजा काढून मागे पसरायचा. आतला माणूस शिडी उतरून मागून येतो आणि आपला उघडा तळवा त्यावर ठेवतो. तळव्याला तळवा लागला की बटण दाबायचं. तोवर आभाळ कोसळलं तरी नाही. मुकादमाने हे मला इतक्या वेळा ऐकवलं की आता मी ते झोपेतही म्हणेन.

पहिल्यांदा भाऊजींचा हात हातावर पडला तेव्हा दचकून ओरडलो. कोणाला ऐकूच गेलं नाही, अब्रू वाचली.

रविवार, ता. ९

सुट्टी. ताईने सांगितलं की मी यायच्या आधी भाऊजी कित्येक महिने कोपऱ्यात नुसते बोल्ट पुसत बसायचे. त्यांच्याबरोबर जोडीला कोणी उभं राहायला तयार नव्हतं. जोडी नाही तर पाळणा नाही. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मी आलो आणि माणूस परत जेवायला लागला, असं ती म्हणाली.

मी म्हटलं, अबोल माणसाशी जोडी कोण करणार? ताईने विषय बदलला. मग म्हणाली, त्यांना सांभाळ रे. मी म्हटलं, बटण माझ्या हातात आहे, तू निर्धास्त राहा.

बुधवार, ता. १२

बोटांना मुंग्या येतात. पिवळ्या पाण्याच्या बादल्या मीच भरतो आणि रबरी मोजे कुठे ना कुठे फाटलेलेच असतात. सकाळी शर्टाची बटणं लावायला एवढा वेळ लागला की ताईने विचारलं, मुलगी बघायला निघालास का? क्रेनवाल्या मावशी म्हणाल्या, सुरुवातीला सगळ्यांनाच होतं. पुढे काय होतं ते विचारायला हवं होतं, पण त्या केबिनमध्ये चढून गेल्या.

मंगळवार, ता. १८

हात बधिर झालेत. दोन्ही, मनगटापर्यंत.

कळलं ते असं की भाऊजींचा हात आज मला लागलाच नाही. मी हात मागे पसरून उभा होतो, आणि शेवटी त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. रागावले नाहीत. माझ्याकडे नुसतं बघत राहिले, बराच वेळ.

मुकादमाला सांगितलं तर तो मला त्याच दिवशी काढेल. त्याचं मला फारसं काही नाही. पण जोडी मोडेल, भाऊजी परत कोपऱ्यात बोल्ट पुसतील आणि परत भिंतीकडे तोंड करून पडतील. तेव्हा मूग गिळून गप्प. तळवा कळला नाही तरी हातावर वजन पडलं की खांदा किंचित ओढला जातो. उद्यापासून त्याच्यावर लक्ष ठेवायचं.

शुक्रवार, ता. २१

आज हात जाणवला! अगदी स्पष्ट. पाचही बोटं. गार, आणि खूप वेळ पाण्यात राहिल्यावर कातडी सुरकुतते तशी मऊ. दोनदा दाबला. मला इतका आनंद झाला की बटण जरा जोरातच दाबलं. पाळणा फिरला, सगळं सुरळीत झालं.

नंतर पाणी पिताना भाऊजी म्हणाले, मी नुकताच बाहेर येऊन शिडी उतरलो होतो, तुझ्यापर्यंत पोचलोही नव्हतो. हात लागल्याशिवाय फिरवू नकोस.

घरी आल्यावर तळव्याला सुई टोचून बघितली. काही कळलं नाही. रक्त आलं तेव्हा दिसलं.

भाऊजींचे हात सुरकुतलेले नाहीत. खरखरीत आहेत, जाड.

रविवार, ता. २३

ताईने बातमी दिली. मी मामा होणार. इतक्या वर्षांनी. सांगताना तिचा आवाज भरून आला, भाऊजी खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

मी छान म्हटलं. आनंद व्हायला हवा होता. मी वाट बघितली, पण झाला नाही. बधिरपणा हातातच आहे असं समजत होतो. ताईला कळू नये म्हणून मी तिला जवळ घेतलं. ती माझ्या खांद्यावर रडली. शर्ट ओला झालेला नंतर दिसला.

मंगळवार, ता. २५

परत आला. तोच हात. गार, मऊ. दोनदा दाबला.

मी बटणावर बोट ठेवलं. दाबलं नाही. का दाबलं नाही ते मला माहीत नाही. नशीब. नुसतं उभं राहिलो. हात माझ्या तळव्यात होता. तिसऱ्यांदा दाबला. जोरात. मग वाफ क्षणभर विरली आणि केसिंगच्या तोंडातून भाऊजींचं डोकं वर आलं, समोर. पट्टी हातात. ते अजून आतच होते.

भाऊजी समोर. हात माझ्या हातात.

मी मागे वळलो तेव्हा कोणी नव्हतं. तळवा ओला होता.

भीती वाटायला हवी. वाटत नाही. एवढंच कळतंय की मी बटणावर राहिलो तर कधीतरी दाबणार. त्या हाताशिवाय मला आता दुसरं काही जाणवतच नाही, आणि मी त्याची वाट बघायला लागलोय. हे लिहून ठेवतो.

बुधवार, ता. २६

उपाय सापडला. आत मी जाईन, बटणावर भाऊजी. ते जुने, मुरलेले. त्यांना फसवणं सोपं नाही.

त्यांना म्हटलं, मला आतलं काम शिकायचंय. त्यांचा चेहरा पांढरा पडला. नाही म्हणाले. मी पुन्हा म्हटलं. जेवणाच्या सुट्टीत, मग घरी येताना, मग जेवताना. ताई मध्ये पडली, शिकू दे की त्याला, तुम्ही का जन्मभर त्या भोकात उतरणार, आता बाप होणार तुम्ही. ते जेवण टाकून उठले. हात धुताना पाठमोरे म्हणाले, बरं. उद्या.

सुटलो. भाऊजी वाचले. हातांचं काही सांगावं लागलं नाही.

गुरुवार, ता. २७

केसिंगमध्ये आहे. पिवळं पाणी ओतलं. वंगण फुगेपर्यंत बसायचं. हातदिवा शेजारी ठेवलाय. रोजनिशी खिशात होती. पेन बोटांत धरलेलं दिसतं म्हणून लिहितोय.

सकाळी पट्टे आवळताना क्रेनवाल्या मावशी केबिनमधून उतरून आल्या. त्या एरवी उतरत नाहीत. बटणाजवळ उभ्या भाऊजींकडे बघत विचारलं, यांना बटणावर कोणी उभं केलं? मी म्हटलं, मी. त्या डोक्याला हात लावून खाली बसल्या.

मग सांगितलं. माझ्या आधी भाऊजींचा एक जोडीदार होता. सगळे त्याला लंबू म्हणायचे. तो आत असताना पाळणा फिरला. बटणावर भाऊजी होते. ते सगळ्यांपुढे शपथेवर सांगत होते की हात लागला होता. गार, ओला हात. दोनदा दाबला. कोणी विश्वास ठेवला नाही. त्या दिवसापासून त्यांनी बटणाला बोट लावलेलं नाही. म्हणून आत ते जायचे.

मी मायाळू म्हटलं होतं.

भोंगा झाला. मी आत उतरलो. त्यांना काय सांगणार होतो? आणि वाटलं, एकदा फसलेला माणूस दुप्पट सावध असतो. आता ते माझा हात लागल्याशिवाय दाबणार नाहीत. माझा खरा हात. त्यांना फरक कळेल. खरखरीत की मऊ, गार की —

कळेल ना.

पातेलं.

दूध उतू चाललं होतं. त्यांनी पातेलं नुसत्या हाताने उचललं. पेपर वाचत राहिले. आम्ही हसलो.

सगळ्यांनाच होतं, मावशी म्हणाल्या होत्या.

म्हणजे त्यांनाही माझा हात लागणार नाही. कोणाचाच नाही. फक्त तो —

आणि मी म्हटलं होतं ताईला, बटण माझ्या हातात —

निघतो. शिडी पलीकडे आहे. पाय वंगणात रुतलाय. ओढतोय की नाही कळत नाही. ओरडलो. मलाच ऐकू आलं नाही.

भाऊजी, मी हात दिलेला नाही. मी अजून इथे —

दिवा शेजारी ठेवला होता. तळ सपाट होता.

घरंगळत पलीकडे चाललाय, हळूह