कळलं नाही, पुन्हा सांगा

रोहा, ८ जानेवारी २०२५

ति. हौसाआत्यास,
दिशाचा शि. सा. न. वि. वि.

आत्या, मी कामाला लागले. अजून कायमची नाही, तीन महिन्यांसाठी. फोनवर तुझा आवाज मला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहिणं तुला जमत नाही, म्हणून पहिलं पत्र आजच टाकतेय. तीन दिवस झोपही धड लागत नाही.

धाटावच्या एका रंगाच्या कंपनीने आम्हा चार अपंगांना घेतलंय. प्रत्येकाला एक जुना कामगार सोबती म्हणून दिलाय. काम त्याने शिकवायचं आणि अडलं तर बाजूला उभं राहायचं. तीन महिन्यांनी मुंबईचे साहेब येऊन आमच्याशी बोलणार, मग ठेवायचं की नाही ते ठरणार. एकवीस अर्जांनंतर कुणीतरी मला फाटकाच्या आत घेतलं.

माझे सोबती हिरामणकाका, खांब गावचे, गोदामात अठ्ठावीस वर्षं. माणूस फार चांगला, पण मिशी एवढी दाट की वरचा ओठ दिसतच नाही. मी ओठ वाचणारी. दोन दिवस मला त्यांचा एक शब्द कळला नाही. आज सकाळी एक अनोळखी गृहस्थ येऊन माझ्यासमोर उभे राहिले. ते काकाच होते, मिशी साफ काढून आलेले. काल संध्याकाळी सलूनमधून घरी गेले, तर काकूंनी दार उघडून कोण हवंय म्हणून विचारलं म्हणे.

गणपतीच्या कारखान्यातल्या ठमाबाईंना नमस्कार सांग. पत्राची वाट बघते.

तुझीच,
दिशा

——

जोहे, १५ जानेवारी २०२५

चि. दिशास,
हौसाआत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र कारखान्यात मोठ्याने वाचलं. ठमाबाईने तर दोनदा वाचायला लावलं. परदेशी जाणाऱ्या गणपतींच्या डोळ्यांची आखणी चालली हाय, हात जरा हलला की मूर्ती गेली. पण त्या मिशीपायी हसून हसून मला ब्रश खाली ठेवावा लागला गो.

तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची, आणि त्याच साली तापात कान गेले. तेव्हापासून मला एकच घोर, माझ्यामागे ही पोर कशी जगेल. आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

गोदामात गाड्या मागे येतात, हॉर्न तुला ऐकू येणार नाय, तेव्हा भिंतीच्या कडेने चाल. आणि कुणाशी वाद नको. मोठे सांगतील त्याला मान हलवत जा, हसरं तोंड ठेव. कडवे वाल पाठवले हायत, काकूंनाही दे.

देव तुझ्या पाठीशी राहो.

तुझी आत्या

——

रोहा, २ मार्च २०२५

ति. हौसाआत्यास,
दिशाचा शि. सा. न. वि. वि.

आधी वाईट बातमी सांगते, म्हणजे चांगलीसाठी जागा होईल. मंगळवारी माझ्या हातून मोठी चूक झाली. सुपरवायझर सुजय चालता चालता, माझ्याकडे पाठ करून, कुठल्या पिंपांना कुठलं लेबल लावायचं ते सांगून गेले. मी मान हलवली. छत्तीस पिंपांना भलतंच लेबल लागलं आणि ट्रक फाटकावर अडला. गोदामाच्या मॅनेजर ऋतुजामॅडम म्हणाल्या की हिचं शिकणं इथेच थांबवावं, गोदामात ऐकू येणारंच माणूस हवं.

हिरामणकाकांनी आठवडाभराची मुदत मागून घेतली. मग मला चहाला बसवलं, तोंड जरा वळवलं आणि काहीतरी पुटपुटले. मी हसून मान हलवली. पुन्हा पुटपुटले, मी पुन्हा हलवली. पाच वेळा. मग त्यांनी कागदावर लिहून दाखवलं की मी कशाकशाला हो म्हटलं होतं. माझ्याकडे दोन शिंगांचा घोडा आहे. मी उद्यापासून छपरावर राहणार आहे. आणि आत्या, रागावू नको, तुला शेपूट आहे.

आधी हसले, मग रडू आवरेना. काका म्हणाले की चूक कानांची नाही, या मानेची आहे. आता दिवसातून दहा वेळा तरी मी कळलं नाही, पुन्हा सांगा, असं म्हणायचं, हा त्यांनी नेमच लावलाय. पहिल्या दिवशी जेमतेम दोनदा म्हटलं. काल बारा वेळा म्हणाले, त्यातले चार सुजयना. ते चौथ्यांदा वैतागले, पण त्यांनी लिहून दिलं. मॅडमनी मुदत मुंबईचे साहेब येईपर्यंत वाढवली आहे. मला इतका हुरूप आलाय की रस्त्यात भाजीवालीलाही तेच म्हणते.

माया आहे तशीच असू दे.

दिशा

——

जोहे, ९ मार्च २०२५

चि. दिशास,
आत्याचे अ. उ. आ.

शेपटाबद्दल त्या हिरामणांशी मी समक्ष बोलेन. कारखान्यात आता मला सगळे त्यावरूनच चिडवतात.

पण पत्र वाचून झाल्यावर मी मागच्या पडवीत जाऊन बसले. ती मान तुझी नव्हे गो. मी दिलेली. पहिलीत तू सारखी काय, काय विचारायचीस आणि पोरं हसायची. एकदा घरी येऊन तू दप्तर फेकलंस. तेव्हा मी तुला समोर बसवून शिकवलं, की नाय कळलं तरी मान हलवायची आणि हसायचं. मला वाटलं, मी पोरीला वाचवलं. जानेवारीतल्या पत्रातही तेच लिहिलं बघ.

ते माझं सांगणं आता पुसून टाक. दहा वेळा विचार, वीस वेळा विचार. कुणी वैतागलं तर वैतागू दे.

सांभाळून राहा.

तुझी आत्या

——

रोहा, ५ एप्रिल २०२५

ति. हौसाआत्यास,
दिशाचा शि. सा. न. वि. वि.

तू शिकवलंस म्हणून मी शाळेत टिकले, हे आधी लिहिते. मनाला लावून घेऊ नको.

काल मुंबईचे साहेब आले. लांब टेबल, पाच माणसं, मॅडम आणि सुजयही. मोठे साहेब कागदात बघत काहीतरी विचारत होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आत्या, मान हलायला निघाली होती, मी ती अक्षरशः धरून ठेवली. म्हणाले, कळलं नाही, माझ्याकडे बघून पुन्हा सांगा. ते बघून बोलले, पण भरभर. मी म्हणाले, अजून कळलं नाही, लिहून द्याल का. मग त्यांनी पेन काढलं आणि लिहिलं, या गोदामात तू काय बदलशील.

मी सांगितलं की प्रत्येक ट्रकची सूचना फळ्यावर लिहायची, तोंडी नाही. फोर्कलिफ्ट चालू असताना ऐकू तर कुणालाच येत नाही, बाकीचेही मान हलवतात. तेव्हा सुजय स्वतःहून म्हणाले की महिनाभर ते मला लिहून देतात आणि तेव्हापासून एकही ट्रक परत आलेला नाही. ते माझ्या बाजूने बोलतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मला बाहेर थांबवलं आणि काकांना आत बोलावलं. अर्ध्या तासाने ते बाहेर आले आणि काहीतरी बोलले. मला कळलं नाही, मी तसं सांगितलं. ते पुन्हा बोलले, पण त्यांचे ओठ इतके थरथरत होते की एक अक्षर लागेना. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी खिशातून कागद काढला, माझ्या पाठीवर ठेवूनच त्यावर लिहिलं आणि तो हातात दिला. तो या पत्रासोबत पाठवतेय, जपून ठेव. त्यावर एवढंच आहे, सोमवारपासून सकाळी आठला ये, कायमची.

तुझीच,
दिशा