अब्बांनी पुसलेल्या भिंती

अब्बा,

माझ्या पुस्तकाला वाचकांनी झोडपलंय. तुम्ही असतात तर हे तुम्हाला सांगितलं नसतं. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, म्हणून सांगता येतंय. पुण्यात जाहिरातीच्या कंपनीत इतकी वर्षं काढल्यावर मी मराठीत एक पुस्तक लिहिलं, लहान दुकानदारांनी आपला माल गिऱ्हाइकापर्यंत कसा पोचवावा याबद्दलचं. मुखपृष्ठ गुळगुळीत आहे, मागे माझा फोटो आहे, त्यात मी हसते आहे. एकाने लिहिलं, बाईंनी कधी गल्ल्यावर बसून पाहिलंय का? दुसऱ्याने लिहिलं, अर्धं पुस्तक इंग्रजीतून उचललेलं आणि उरलेलं अर्धं फुगवलेलं. मी त्या दोघांना गोड उत्तरं दिली. नाराज गिऱ्हाइकाला कसं उत्तर द्यावं यावर पुस्तकात एक अख्खं प्रकरणच आहे माझं. आधी आभार मानायचे, मग तक्रार त्याच्याच शब्दांत परत म्हणून दाखवायची, मग आपण काय करणार ते सांगायचं. ते प्रकरण वापरून मी दोन-तीन माणसं शांत केली आणि स्वतःवर खूश झाले.

मग प्रकाशकांकडून एक पत्र आलं. वहीचे दोन कागद, निळी शाई, पाठपोट लिहिलेलं. राळेगाव तालुक्यातल्या एका गावातून, एका बाईचं. तिच्या भाच्याने पुस्तक विकत घेतलं होतं आणि तुमच्यावरचं प्रकरण तिला वाचून दाखवलं होतं. तिने त्याच्याच हातून लिहवून घेतलं होतं, 'तुम्ही लिहिता की तुमच्या वडिलांनी रस्त्याकडेच्या भिंतीवर बियाण्याची जाहिरात रंगवली आणि ती इतकी चांगली होती की वर्षानुवर्षं कोणी तिला हात लावला नाही. ती भिंत आमची आहे. त्या जाहिरातीने त्या सालची दिवाळीसुद्धा पाहिली नाही. तुमच्या वडिलांनी स्वतः येऊन ती पुसली. तुमचं पुस्तक खोटं आहे. लोकांना धंदा शिकवण्याआधी आपल्या बापाबद्दल तरी खरं लिहा.'

मी ते पत्र टेबलाच्या खणात ठेवलं. पुन्हा काढलं. उत्तर लिहायला बसले, 'आपल्या मोकळ्या अभिप्रायाबद्दल आभार' असं लिहिलं आणि पुढे हात चालेना.

तुम्ही अक्षर कसं टाकायचात ते मी पुस्तकात जीव ओतून लिहिलंय, अब्बा. ते खोटं नाही. बाभुळगावच्या आपल्या स्वयंपाकघरात अम्मीच्या चुलीवर जुन्या पातेल्यात रंगात घालायचा सरस शिजतो आहे, त्याचा तो हाडांचा वास घरभर पसरला आहे, आणि अम्मी नाकाला ओढणी लावून म्हणते आहे, "या घरात आधी रंग जेवतो, मग माणसं." तुम्ही हसता. सायकलच्या हँडलला दोन्ही बाजूंनी डबे अडकवता, मागे शिडी बांधता. भिंतीवर गेरूत भिजवलेली दोरी ताणून ओळ मारता, आणि पहिलं अक्षर काढण्याआधी रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभे राहता. "एसटीतल्या माणसाला वाचता आलं पाहिजे," तुम्ही म्हणायचात, "थांबलेल्याला काय, कोणीही वाचेल." ती भिंत रंगवली त्या वर्षी बियाण्याच्या कंपनीचा माणूस चार ओळींचा मजकूर घेऊन आला होता. तुम्ही तो वाचला आणि म्हणालात, "साहेब, इतकं वाचेपर्यंत गाडी कळंबला पोचते." आणि तुम्हीच त्याचे तीन शब्द केले : पेरा आणि पाहा. त्याला इतके आवडले की सगळ्या तालुक्यांतल्या भिंतींवर तेच लिहायचं ठरलं. उन्हाळाभर तुम्ही राळेगाव, बाभुळगाव, नेरपर्यंत भिंती रंगवत फिरलात. माझ्या पुस्तकात त्या तीन शब्दांवर सहा पानं आहेत.

पुढचं मी लिहिलं नाही. त्या वर्षी त्या बियाण्याच्या कपाशीची पऱ्हाटी कमरेएवढी वाढली, हिरवीगार, आणि बोंडं धरलीच नाहीत. मी तेव्हा नागपूरला मार्केटिंग शिकत होते, सुट्टीत घरी आले होते. अंगणात चुन्याच्या गोण्या होत्या आणि तुम्ही पिंपात चुना विझवत होतात. मला वाटलं, घराला रंग देताय.

"भिंती पुसायच्या आहेत," तुम्ही म्हणालात.

"कंपनीने सांगितलं?"

"कंपनी कायले सांगन?"

मी तुमच्यावर चिडले. चांगलीच चिडले. म्हणाले, "अब्बा, तुम्ही पेंटर आहात. बियाणं तुम्ही बनवलं का? तुम्ही विकलं का? पुन्हा कोणी काम देणार नाही तुम्हाला."

तुम्ही काठीने चुना ढवळत राहिलात. म्हणालात, "बेटा, बियाणं पिशवीत असते. लोकाईनं भिंतच पाह्यली."

मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता विचारलंत, "येतेस का? दोन भिंती तरी. शिडी धरायला."

मी म्हणाले, मला अभ्यास आहे. तुम्ही एकटेच गेलात. पंधरा-वीस दिवस जात होतात. डिस्टेंपरवर चुन्याचा एक हात मारला की वाळल्यावर अक्षरं पुन्हा वर डोकावतात, त्यामुळे प्रत्येक भिंतीवर दोनदा जावं लागायचं. संध्याकाळी परत यायचात तेव्हा भुवया पांढऱ्या, बोटं फुटलेली. अम्मी खोबरेल लावून द्यायची. मी पुस्तक उघडं धरून बसलेली असायची. पुढे झालं ते मी म्हणाले तसंच झालं. त्या कंपनीने काम देणं बंद केलं, बाकीच्यांनीही केलं, आणि तुम्ही गाड्यांच्या नंबरप्लेटी आणि शाळांचे सुविचार रंगवत राहिलात. माझंच खरं ठरलं, याचं मला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं.

पत्राला उत्तर जमेना, म्हणून मीच गेले. यवतमाळहून एसटीने. ती बाई साठीची असेल, ओसरीवर मशीन टाकून ब्लाउज शिवत होती. मी कोण ते सांगितलं तशी तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"मले वाटलं तुमी पत्र फाडून टाकसान," ती म्हणाली. "बसा."

चहा झाला. मग तिने भिंत दाखवली. आता तिथे मोबाईलची जाहिरात आहे, छापलेली. ती सांगत होती, "तुमचे वडील चुना घेऊन आलते, तवा आमचे मालक घरीच होते. त्याईनं ओळखलं. लय बोलले त्यायले. बादली लाथाडली. म्हणे, आता काहून पुसतेस, आता सारं होऊन गेलं. तुमच्या वडिलाईनं सांडलेला चुना फरशीवरचा पुसून घेतला पहिले. मंग म्हणे, दादा, मले लिहाच तेवढं येते. म्हणून पुसून राह्यलो. भिंत तुमची हाये, नाई म्हणसान तर जातो." तिने भिंतीला हात लावला. "आमच्या मालकानं मंग शिडी धरली. दुसऱ्या हाताले आले तवा जेवून गेले आमच्या घरी. जेवता जेवता सांगत होते, माही पोरगी नागपूरले हेच शिकते. तिले इचारतो म्हणे, लिहिलेलं खोटं निघालं तर लिहिणाऱ्यानं काय कराचं असते, थे कॉलेजात शिकवत असतीन."

तुम्ही विचारलं होतंत, अब्बा. त्याच सुट्टीत, जेवताना. आणि मी म्हणाले होते, "तो विषय आम्हाला नाही." तुम्ही मान डोलावलीत, जणू काही हे उत्तर होतं, आणि भाजी मागितलीत.

आता दुसरी आवृत्ती निघते आहे. तुमचं प्रकरण मी पुन्हा लिहिलं. चुना आहे, लाथाडलेली बादली आहे, बंद झालेली कामं आहेत. प्रकाशक म्हणाले, मार्केटिंगच्या पुस्तकात हे जरा जड होतं. मी म्हणाले, होऊ द्या. त्या बाईला नवी प्रत पाठवीन, तिने कबूल केलंय की भाचा वाचून दाखवेल. वाचक पुन्हा झोडपतील तर झोडपू देत. या वेळी मी आभार मानणार नाही.

पण एक गोष्ट नव्या प्रकरणातही नाही. मी निघाले तेव्हा ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली होती. गाडी दिसायला लागली तेव्हा तिने माझा हात धरला आणि विचारलं, "खरं सांगा बाई, तुमाले हे माईत नव्हतं न?"

मी म्हणाले, "नाही. अब्बा कधी बोललेच नाहीत."

तिचा चेहरा एकदम मऊ झाला. "मंग तुमचा काय दोष," ती म्हणाली, "मी उगीच इतकं लिहिलं." आणि पदराच्या गाठीतल्या भाजलेल्या शेंगा तिने माझ्या ओंजळीत ओतल्या. मी त्या घेतल्या. गाडीत, खिडकीशी बसून, सगळ्या खाल्ल्या.