नवव्या ठेंगणीचे माप

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, रेल्वेतला निवृत्त फिटर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गुडघे कामातून गेले आहेत, डोके शाबूत आहे.

कलम एक. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि रेल्वेच्या इंजिन-शेडकडे उघडणारी खिडकी, माझ्या एकुलत्या एका मुलीला. तिने ते विकावे. विकण्याआधी भिंतींना रंग देऊ नये. शेडचा धूर तो महिन्याभरात खातो.

कलम दोन. बँकेत असेल तेही तिचेच. धाकट्या भावाला माझे मनगटी घड्याळ. ते पाच मिनिटे पुढे असते, तोही सगळीकडे पुढेपुढे करतो, दोघांचे जमेल.

कलम तीन. पाने, पकडी, हातोड्या तंत्रशाळेला. एक पाना आमचे फोरमन एकवीस वर्षांपूर्वी "आत्ता आणून देतो" म्हणून घेऊन गेले. तो त्यांनी खुशाल ठेवावा. मी विसरलेलो नाही, एवढे त्यांना कळावे.

कलम चार, ठेंगण्या. त्या मालमत्तेत बसत नाहीत असे वकील म्हणाले. न बसल्या तर न बसल्या.

आमच्या लाईनीवर बारा डिझेल रेलकार आल्या. एकच डबा, त्याच्या पोटाखाली इंजिन, दोन्ही टोकांना चालकाची केबिन, म्हणजे शेवटच्या स्टेशनात गाडी फिरवायला नको. उंचीला कमी, म्हणून लोक ठेंगण्या म्हणत. उद्घाटनाच्या दिवशी दुसऱ्या गिअरला असा हिसका बसला की मंत्री थेट बँडवाल्याच्या मांडीवर. गिअरबॉक्समध्ये गिअर आवळून धरणारे पट्टे असतात, त्यांची फट कंपनीच्या कागदाप्रमाणे लावली की पट्टे जळत. तीन ठेंगण्या वर्षात भंगारात गेल्या. मग मी एकट्याने खपून बरोबर माप शोधले आणि ते कोणालाही सांगितले नाही. ऐंशी फिटरांत मला कुत्रे विचारत नव्हते. आता साहेब चहाला बोलवू लागले.

पुढे बायकोला दमा जडला. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. मी बदलीचा अर्ज दिला. साहेब हसले. "तुम्हाला सोडलं तर ठेंगण्या कोण सांभाळणार हो? तुमच्याशिवाय इथं पान हलत नाही." तीनदा अर्ज केला, तीनदा हेच उत्तर. माप लिहून त्यांच्या टेबलावर ठेवले असते तर महिन्यात सुटलो असतो. ठेवले नाही. ते वाक्य मला गोड लागत होते. मी अडकलो तो माझ्याच हाताने, आणि ती बिचारी माझ्यापायी. ती याच घरात, धुरात गेली. मी तिचा गुन्हेगार आहे.

बाकीच्या ठेंगण्या मोडीत निघाल्या. नऊ नंबरची संग्रहालयाने ठेवली, ती रविवारी हौशी प्रवासी नेते. माप मी फक्त मुलीला शिकवले होते, कौतुकाने; माझे गुडघे गेल्यापासून नववीची फट तीच लावते. आता तिला दूरच्या शहरात चांगली नोकरी आली आहे, एक तारखेपर्यंत कळवायचे आहे. संग्रहालयाची शेड सांभाळणारे आमचे तेच फोरमन तिला रोज फोन करतात, "पोरी, तू गेलीस तर नववी बंद पडेल गं." परवा ती मला म्हणाली, "बाबा, राहतेच मी. माझ्यावाचून त्यांचं अडतं." हे सांगताना ती खुशीत होती. त्याच रात्री मी हा कागद लिहायला घेतला.

कलम पाच. माप असे. गार गाडीला हात लावू नये. गाडी चाळीस मिनिटे चालवून गिअरबॉक्स गरम असतानाच दुसऱ्या गिअरच्या पट्ट्याची फट दीड मिलिमीटर ठेवावी. कागदावर दोन आहे, ते विसरावे. हात भाजतो. बाकी यात काही नाही, कोणालाही जमते.

मृत्युपत्र मेल्यावर लागू होते. हे कलम आजपासून लागू. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, पण फोरमनना मी मुद्दाम समोर बसवून वाचायला लावले आहे.

ठिकाण: राहते घर. दिनांक: अठ्ठावीस, गुरुवार.
लिहून देणार: (सही)

साक्षीदार: शेजारच्या शिंपीणबाई. (सही)

साक्षीदार: फोरमन. (सही) वाचले. माप उतरवून घेतले. पोरीला आता फोन करणार नाही. पण अहो, तिन्ही अर्जांच्या वेळी साहेबांच्या टेबलापाशी मी उभा होतो. वहिनींसाठी तरी एकदा तोंड उघडून माप सांगायचं होतंत.