प्याल्याची कड

सोम. ३ फेब्रु. १९५८

कालचं आज लिहितोय. उशीर झाला, माफी असावी. काल टाक धरवेना. थकव्यानं नव्हे, संतापानं.

महिन्याचा पहिला रवि., म्हणजे देवळात प्रभुभोजन, सगळ्यांना भाकरीचा तुकडा आणि एकाच प्याल्यातला द्राक्षरस. शनिवारी भिजत घातलेल्या मनुका पहाटे कुस्करल्या, रस गाळला. साडेपाचला पाळीवाल्यांची उपासना. रविवारीसुद्धा औषधाचा कारखाना चालू! भोंगा प्रार्थनेच्या मधेच, अकरा माणसं ‘आमेन’च्या आधी उठून पळाली. मग मुलांची शब्बाथशाळा. नऊला दुसरी उपासना. दुपारी कासारवाडीला अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या शांताबाईच्या उशाशी. तिला ओळख पटत नाही, पण गीत म्हटलं की ओठ हलतात. तिथून एस.टी.नं चाकण, चार घरांची संध्याकाळची प्रार्थना. पोटात दोन कप चहा.

पण सांगायचं ते नऊच्या उपासनेचं. पुरुषांची पहिली ओळ पुढं आली, सहा जण. मी प्याला एकेकाच्या ओठी लावतो. ओळ संपली की फडक्यानं कड पुसतो, मग पुढची ओळ. एकोणतीस वर्षं हेच. ओळीत तिसरा लाजर, चौथे भास्करराव, मंडळीचे वडील, म्हणजे चर्चच्या पंचांपैकी.

लाजर जालन्याकडचा गवंडी, कारखान्याच्या भिंतीवर कामाला आलाय. पंधरवड्यापूर्वी जुन्या मंडळीचा सभासदत्वाचा दाखला त्यानं माझ्या हाती दिला, मी कपाटात ठेवला, म्हणजे तो आमचा झाला. येत्या रवि. त्याच्या मुलीचा बाप्तिस्मा.

उपासना सुटल्यावर भास्करराव अंगणात मोठ्यानं, सगळ्यांदेखत: “पाळकसाहेब, एका प्याल्यात इतक्यांची तोंडं, हे आता बंद करा. काचेचे छोटे पेले मी आणून देतो, दोन डझन. ज्याचा त्याला.”

“इतकी वर्षं पिताय की.”

“तेव्हा जंतू ठाऊक नव्हते.”

बाटल्या धुवायच्या खात्यात मुकादम, बोलणं डॉक्टरचं. जंतू गेल्या महिन्यात नव्हते म्हणे! लाजर ओळीत उभा राहिला आणि जंतू जन्मले. आमच्या बहुतेकांचे आजे एका जातीचे, लाजरचा दुसऱ्या. गावात दोन्ही वस्त्या वेशीबाहेरच, मधे एक ओढा. हे लोक तो ओढा उचलून पिंपरीपर्यंत घेऊन आलेत!

लाजर चहाला थांबला नाही. थांबेल कशाला?

मंगळ. ४

भा.राव घरी आले. पेल्याचा नमुना खिशात. टेबलावर ठेवला, बोटाएवढा.

मी म्हटलं, “उचला तो. प्रभूनं बारा जणांना बारा पेले दिले नाहीत.”

“तुमचं शिक्षण बेताचं, पाळकसाहेब. रागावू नका, पण काळ बदललाय.”

सातवीला दोनदा नापास, खरं आहे. पण बाप्तिस्मा त्यांना मीच दिला, तेव्हा हाच बेताचा माणूस चालला होता.

मी म्हटलं, “तुम्हाला जंतूंची भीती नाही, लाजरची आहे. तोंडावर सांगा.”

ते हसले. “मला एकट्यालाच? तुम्हाला पटलंय, म्हणून तर मी बोललो.”

“मला? कधी?”

टोपी घातली आणि चालते झाले. उद्धटपणा! पेला मात्र विसरले. की मुद्दाम?

बुध. ५

आज लाजर आला. कामावरून थेट, हाताला चुना. उंबऱ्याबाहेर उभा.

“सलाम, पाळकसाहेब. आमचा दाखला वापस द्या.”

मी म्हटलं, आत ये, बस. बसला नाही. मी तावातावानं सांगू लागलो, भास्कररावांना कसं झाडलं, पेले येऊ देणार नाही, माझ्या जिवात जीव आहे तोवर… त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला,

“भास्कररावांचं काय न्हाई हो. ते माझ्या बाजूला उभे व्हते. न पुसता त्ये प्याले असते का न्हाई, आता कसं कळायचं? तुमी आदीच पुसला.”

“काय पुसला?”

“प्याला. माझं झालं, तुमी कड पुसली, मग त्येंच्या तोंडाला लावला. माझ्या आदी दोघं प्याले, तवा न्हाई पुसला.”

मी म्हटलं, छे, ओळ संपल्यावर पुसतो मी. तो म्हणाला, “ओळ कुठं संपली व्हती, साहेब?”

आवाज चढवला असता तर मलाही चढवता आला असता. त्यानं चढवला नाही.

दाखल्याचं काय, असं त्यानं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, कपाटाची किल्ली सापडत नाही, शोधतो. मी उठलो तशी सदऱ्याच्या खिशात किल्ली वाजली. त्यानं ऐकलं, मी ऐकलं. तो “बरं” म्हणून गेला.

खोटं बोललो. पाळक!

गुरु. ६

काल जेवलो नाही. आज हिला विचारलं, “मी प्याला मधेच पुसला का गं?”

ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “पुसलात.”

“तू पाहिलंस?”

“सगळ्या बायकांनी पाहिलं. त्याची बायको माझ्या शेजारीच होती, पोर मांडीवर घेऊन.”

“मग चार दिवस बोलली का नाहीस?”

“तुम्ही भास्कररावांवर ओरडत होतात. मधे कुठं बोलू?”

हिचाही राग आला. मग भा.रावांचं परवाचं बोलणं आठवलं. त्यांनी जंतू शोधले नाहीत. माझा हात बघितला आणि त्यांना धीर आला. जे ते ओठांवर आणायला भीत होते, ते मी भर उपासनेत करून दाखवलं.

मी मुद्दाम केलं नाही, हे देवासमोर सांगतो. मनात काहीच नव्हतं. पण हाताला कुणी सांगितलं? मग हा हात कुणाचा?

आज्याचा असेल. आजा ओढ्याअलीकडचा.

शुक्र. ७

किल्ली घेतली, दाखला काढला, कारखान्याच्या भिंतीकडं गेलो. पत्र्याच्या खोपटाला कुलूपही नाही, आत चूल पुसून ठेवलेली. शेजारीण म्हणाली, “काल गेले जी. चाकणला कांद्याची वखार बांधायलेत, तिकडं.”

दाखल्याशिवाय गेला. म्हणजे माझ्याकडून तो कागदसुद्धा नको.

परत येताना भा.राव वाटेत. “पेल्यांचं काय ठरलं?” मी म्हटलं, “पेले तुमचे तुम्ही ठेवा. रविवारी तुमच्या आधी मी माझंच सांगणार आहे, ऐकायला या.” चेहरा उतरला. बरं वाटलं. नंतर त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

शनि. ८

चाकण. अर्धा दिवस वखारीपाशी. लाजर वीटभट्टीवर गेला होता, संध्याकाळी येईल म्हणाले, पण शेवटची एस.टी. त्याआधीची आणि उद्या पहाटे उपासना. दाखला पाकिटात घातला, वर दोन ओळी: ‘तुझं बरोबर आहे. मी पुसला. किल्ली खिशात होती.’ वखारीच्या मुकादमाकडं दिलं. तो म्हणाला, “देतो की बाबा, त्यात काय एवढं.”

आता तो मोकळा आहे. कुठल्याही मंडळीत जाऊ शकतो. हे मीच केलं.

रवि. ९, घंटेआधी

बाप्तिस्म्याच्या भांड्यात पाणी भरून ठेवलंय. ही म्हणाली, “कशाला? येणार आहेत का?” म्हटलं, भरलेलं असू दे.

उपासनेच्या आरंभीच मंडळीपुढं उभा राहून सांगणार. काय म्हणतील ते म्हणोत. नवा पाळक हवा असेल तर तोही आणोत, शिकलेला.

बाप्तिस्म्याची नोंदवही काढली. आजच्या तारखेला लाजरचं नाव, बायकोचं नाव लिहिलेलं. मुलीच्या नावाची जागा कोरी. लाजर म्हणाला होता, त्या दिवशीच सांगेन.

लाजर, तू आला नाहीस तरी… नाही, तसं लिहिणार नाही. ये. आणि यायचं नसेल तर शिव्या दे, पण निरोप धाड. एस.टी.च्या कंडक्टरबरोबर, कांद्याच्या गाडीवाल्याबरोबर, कुणाहीबरोबर. पोरीचं नाव काय ठेवलंस, तेवढं तरी कळव. लवकर कळव.

ती जागा मी पुसणार नाही.