परत आलेली चोरचोळी

चितेगाव,
१२ एप्रिल २०१६

चोरचोळी कुणी माघारी धाडतं का? माझी उभी हयात गेली, असं ऐकलं नाय. पाचव्या महिन्यात माहेरानं गुपचूप हिरवी चोळी द्यायची, सासरानं ती पोरीच्या अंगात घालायची, एवढंच काम. तुझ्या सासूनं ती घडीसकट तुझ्या बापाच्या हातात ठेवली अन्‌ म्हणली, यंदा राहू द्या. माझा लेक सर्जेराव, एवढा बाप्या, ती पिशवीत घालून एसटीनं घरी आला.

असो. सायली, आजीचा आशीर्वाद. तुझ्या सासूला, लीलाबाईंना रामराम सांग, राग हाय तरी सांग. इकडं बरं हाय. टँकर आला तर येतो. बायका घागरी कमी अन्‌ तोंडं जास्त चालवतात, मी बी चालवते. वरच्या वावरात प्लॉटचे दगड रोवलेत. ज्वारी आली नाय, आता बंगले येतील म्हणतात. ते पाणी कुठलं पितील, कुणाला ठाऊक.

फोन केला की तुझी सासूच उचलती, ती झोपलीय म्हणती. तुझी आई गेल्यापासून तुला मी वाढवली, दिवसा झोपणारी पोर मी वाढवली नाय. म्हणून माझ्या चौथीच्या अक्षरात लिहिते. वाकडं असंल, वाच.

तुझा बाप सांगत नव्हता. चोळी त्याच्या मांडीवर ठेवली अन्‌ ताट वाढलं नाय, तवा बोलला. सोनोग्राफीत लेकराचा पाठीचा कणा उघडा दिसलाय, डोक्यात पाणी साठलंय. जगलं तर कमरेखाली जीव नसंल. बोलंल का, माणूस ओळखंल का, डॉक्टरीण सांगू शकत नाय. ठेवायचं नसंल तर याच महिन्यात, पुढं कायदा आडवा येतो.

लीलाबाई म्हणतात, देवानं धाडलेलं माघारी धाडायचं नसतं. चोळी तेवढी धाडता येती. शिवराज म्हणतो मोकळी हो, दुसरं होईल. नवरा हाय का मोबाईलचा दुकानदार? अन्‌ तुझा बाप म्हणला, पोर दिली त्यांना, ते ठरवतील. मी विचारलं, "सायली काय म्हणती?" तर ताट जवळ ओढायला लागला. तुला कुणी विचारलंच नव्हतं.

लहानपणी तू फडताळातली पितळी वाटी खेळायला मागायची, मी हातावर मारायची. ती कडुबाची. तुझ्या बापाच्या आधीचा माझा पोरगा. पाठीवर गाठ घेऊन आला, पाय दोरीसारखे. नऊ वर्षं जगला. बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायची अन्‌ तो लिंबाखाली गोधडीवर. बाया म्हणायच्या, देवाचं लेकरू. म्हणणारीतल्या एकीनंही त्याचं दुपटं धुतलं नाय. मी तरी कशानं धुणार, प्यायला नव्हतं. राखेनं पुसायची.

अन्‌ मी भाकरी थापायला बसले की त्या आवाजावर तो हसायचा. तसं हसू पुन्हा कुणाचं ऐकलं नाय, तुझ्या बापाचं तर नायच.

तो गेला तवा मी दारात लोळून रडले. दुसऱ्या दिवशी उन्हं अंगावर येईस्तोवर झोपले. तो आल्यापासून तशी झोप लागली नव्हती. दोन्ही खरं हाय, सायली. यातलं एकच कुणी सांगत असंल तर ऐकू नको, मग ती सासू असू दे नायतर मी.

मला आधी कळायला मार्गच नव्हता. तुला कळलंय. ते बरं का वाईट, सकाळी एक वाटतं, संध्याकाळी दुसरं. चूल पेटवून विसरते, दूध उतू जातं.

ठेवलंस तर मी तुमच्या गारखेड्यात येऊन बसते, हात चालतात तवर दुपटी धुते. पण माझे हात किती चालतील, ते बी धरून चाल. नाय ठेवलंस तर इकडं ये. लेकरू हातात नसलं तरी अंग बाळंतिणीचंच असतं. शेगडी पेटवीन, डिंक-खोबरं घालीन, अन्‌ दारात येऊन कुणी पाप-पुण्य काढलं तर त्याच्याकडं मी बघते.

या चिठ्ठीसंगं चोळी परत तुझ्याकडं धाडलीय. ती लेकराची नसती पोरी, बाईची असती. काही बी ठरव, अंगात घाल.

तुमच्या गल्लीत दूध घालणाऱ्या कारभारीच्या हाती हे देतेय. शनिवारी तो दाराशी थांबंल. उत्तर तुझ्या हातचं पायजे. शिवराजचं नाय, लीलाबाईंचं नाय, अन्‌ तुझ्या बापाला तर पेनच देऊ नको. तू लिही.

कडुबाची माय,
मनकर्णा